पाण्याचं विचारा : उजनीचं पाणी हिरवं का?

मागच्या अंकात विहिरीच्या जड पाण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती मात्र जवळजवळ सगळी उजनीची. सोलापूर, इंदापूर, भिगवण, बार्शी, पुणे. सगळी एकाच पाण्याच्या काठावरची माणसं, आणि प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. म्हणून या महिन्यात दुसरं काही नाही, फक्त उजनी, पुण्याच्या खालच्या अंगाला भीमेवर असलेलं धरण. नोकरीची सगळी वर्षं मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे उत्तरं थोडी रसायनाच्या अंगानं जातील. चालवून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. उन्हाळ्यात त्याला चिखलासारखा वास येतो आणि पिंपात भरून ठेवलं की कडेला हिरवट थर धरतो. आम्ही उकळून पितो. एवढं पुरेसं आहे ना?
— एक गृहिणी, सोलापूर

वास आणि धोका या दोन गोष्टी वेगळ्या धरा. मातकट वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो. पहिल्या पावसानंतर मातीला सुटतो तोच हा. काही निळी-हिरवी शेवाळं तो पाण्यात तयार करतात, आणि आपलं नाक त्याच्या बाबतीत इतकं तिखट आहे की लिटरभर पाण्यात ग्रॅमचा दहा कोटीवा भाग असला तरी कळतं. वास म्हणून तो निरुपद्रवी. क्लोरीननं तो फारसा हटत नाही, कोळशाच्या गाळणीनं कमी होतो.

धोक्याचं निराळं. धरणाच्या काठाला सकाळी रंगाचा डबा सांडल्यागत हिरवा तवंग दिसतो, त्यात बहुधा मायक्रोसिस्टिस नावाचं शेवाळ असतं. ते यकृताला बाधणारं मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करू शकतं. करतंच असं नाही. त्याचे काही वाण करतात, काही करत नाहीत, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पिण्याच्या पाण्यात या विषाची जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेली मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. उकळल्यानं रोगजंतू मरतात, हे विष मात्र जात नाही. उलट शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आतलं सगळं पाण्यात उतरतं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातून येणाऱ्या पाण्यात हे विष सापडलं, तेव्हा चार लाखांहून जास्त लोकांना बजावण्यात आलं होतं की हे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका.

म्हणून उकळणं सोडू नका, पण क्रम बदला. पाण्याला हिरवट झाक दिसली तर आधी तुरटी फिरवा. रात्रभर निवळू द्या. वरचं पाणी हलक्या हातानं काढून दाट कापडातून गाळा आणि मग उकळा. पेशी अख्ख्या असतानाच बाहेर काढायच्या, इतकंच त्यातलं तत्त्व. जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटी आणि वाळूची गाळणी हेच करतात. पिंपाच्या कडेला धरणारा थर मात्र उजनीच्या माथी मारू नका. पिंपाला ऊन लागतं म्हणून तो धरतो. पिंप सावलीत घ्या, झाकण घट्ट बसवा, दर वेळी घासून भरा.

आणि धरणकाठच्या वाचकांना : तवंग असलेल्या ठिकाणी गुरांना पाण्यावर सोडू नका. माणूस वास घेऊन तोंड वाकडं करतो, तहानलेली म्हैस करत नाही.

प्रश्न : आमच्या पुस्तकात नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्हींमुळे तळी बिघडतात असं दिलं आहे. तुमच्या उत्तरांत मात्र नेहमी फॉस्फरसच असतो. असं का, मॅडम?
— बी. एस्सी.ची विद्यार्थिनी, बार्शी

पुस्तक बरोबर आहे. पण गोड्या पाण्याच्या साठ्यात आधी कशाला आवर घालायचा असं विचारलंस, तर माझं उत्तर फॉस्फरस हेच राहील.

घर बांधायला विटा आल्या, वाळू आली, गवंडी आले आणि सिमेंटच नाही, तर काम तिथेच थांबतं. शेवाळाचं सिमेंट म्हणजे फॉस्फरस. कार्बन हवेतून पाण्यात विरघळतोच. नायट्रोजन कमी पडला तर निळ्या-हिरव्या शेवाळातल्या कित्येक जाती तो थेट हवेतून घेतात. फॉस्फरसचा वायू हवेत नसतो. तो बाहेरून वाहत यावा लागतो नाहीतर तळाच्या चिखलातून सुटावा लागतो, आणि एक ग्रॅम आला की त्यावर वाळल्या वजनाचं साधारण शंभर ग्रॅम शेवाळ पोसलं जातं.

याचा सर्वांत देखणा पुरावा कॅनडात आहे. ऑन्टारिओच्या जंगलात डेव्हिड शिंडलर यांच्या गटानं १९७३ साली एका तळ्याच्या चिंचोळ्या भागात पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. तळ्याचं नाव नुसता आकडा, २२६. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात तेच दोन अधिक फॉस्फरस. काही आठवड्यांत दुसरा भाग हिरवागार आणि पहिला जसाच्या तसा. विमानातून काढलेला तो फोटो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. तुझ्या पुस्तकात नसेल तर सरांना सांगून वर्गात लावून घे. समुद्रात आणि खाडीत नायट्रोजनचं पारडं बरंच जड असतं, हे परीक्षेत लिहायला विसरू नको.

प्रश्न : आमची जमीन धरणात गेली. उरली ती बॅकवॉटरला लागून, तिच्यात ऊस लावला. आता म्हणतात आमच्या खतानं धरण नासलं. पुण्याची घाण कुणाला दिसत नाही का?
— एक ऊस बागायतदार, इंदापूर तालुका

दिसते, दादा. आधी तिचाच हिशेब मांडू. कागद-पेन्सिल घ्या.

यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय, काठोकाठ भरला की त्यात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं, म्हणजे ३३२ कोटी घनमीटर. लिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या वर एकूण फॉस्फरस गेला की जलाशय अतिपोषित, म्हणजे शेवाळ माजण्याइतकं खाद्य मिळालेला, धरायचा, असा जगभर वापरला जाणारा एक ठोकताळा आहे. दोन्हींचा गुणाकार करा. ११६ टन येतात. एवढं अवाढव्य धरण, पण त्याला हिरव्या बाजूला ढकलायला ११६ टन फॉस्फरस पुरतो.

आता माणूस. आपल्या आहारावर माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण एक ग्रॅम फॉस्फरस जातो, त्यातला बराचसा लघवीतून. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ४८ लाखांवर लोक होते. आज ते किती तरी जास्त आहेत, पण आपण जुनाच आकडा धरू, कुणी अन्याय झाला म्हणायला नको. दिवसाला ४.८ टन. चोवीस दिवसांत ११६ टन पुरे.

हे सगळं धरणात पोचत नाही, हे कबूल. काही मैलाशुद्धीकरणाच्या गाळात राहतं, काही मुळा-मुठेच्या आणि भीमेच्या पात्रात बसतं, काही मुंढव्याहून कालव्यात उचललं जातं, आणि धरणात आलेलं पाणी पुढे कालव्यांनी बाहेरही पडतं. दुसऱ्या बाजूला धुण्याच्या पावडरी, कारखाने, इंद्रायणीकाठची वाढती गावं, दौंड, यांचं आपण काहीच धरलेलं नाही. चोवीस दिवस आणि तीनशे पासष्ट दिवस यांतलं अंतरच एवढं आहे की कितीही वजावट केली तरी शहर सुटत नाही. शहराचा फॉस्फरस विरघळलेला असतो, रोज येतो, बारा महिने येतो, आणि शेवाळाला तो लगेच वापरता येतो. तेव्हा पहिला आरोपी कोण, याबद्दल तुमचं माझं एकमत आहे.

आता तुमचं पोतं उघडू. डीएपी खताच्या पन्नास किलोच्या पोत्यात ४६ टक्के स्फुरद (खताच्या भाषेत फॉस्फरस), म्हणजे २३ किलो. ते ऑक्साइडच्या हिशेबानं. शुद्ध फॉस्फरस म्हणून मोजलं तर साधारण दहा किलो. म्हणजे आपले ११६ टन झाले ११,६०० पोती. इंदापूर, करमाळा, दौंड, माढा या काठच्या तालुक्यांत एका हंगामात किती पोती उतरतात, ते तुमच्या कृषी सेवा केंद्राच्या मालकाला विचारा. मी सांगितलं तर विश्वास बसणार नाही, तो सांगेल तर बसेल.

सुदैवानं काळ्या, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद घट्ट धरलं जातं. नत्रासारखं ते पाण्याबरोबर सहज पाझरून जात नाही. ते जातं मातीबरोबर. रानातली माती रानात राहिली तर स्फुरदही राहतं. म्हणून तुमच्याकडून मला खतापेक्षा बांधाची अपेक्षा जास्त आहे. उताराला आडवी सरी, ओढ्याच्या कडेला चार हात गवताचा पट्टा, खत फोकून न देता सरीत मातीआड. आडसाली उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १७० किलो स्फुरदाची आहे, म्हणजे एकरी तीन पोती डीएपी. माती तपासून स्फुरद भरपूर निघालं तर तेवढंही लागत नाही. चौथं पोतं शेजाऱ्यानं टाकलं म्हणून पडतं, आणि त्याचा पैसा उसाच्या वजनात कधी दिसत नाही.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, मी विचारते. गाळपेर करता का? धरण उतरलं की मोकळ्या झालेल्या जमिनीत मका, कडवळ, भुईमूग घेतात, ते मला ठाऊक आहे आणि त्यात मी चूक मानत नाही. जमीन तुमचीच होती. पण त्या रानात टाकलेलं रासायनिक खत पावसाळ्यात पाण्याखाली जातं, त्याला ओढाही लागत नाही आणि बांधही अडवत नाही. त्या गाळात मुळातच स्फुरद असतं. गाळपेरीला डीएपी टाकणं म्हणजे पैसे देऊन धरण हिरवं करणं.

न्यूयॉर्क शहराची एक हकीकत तुम्हाला मुद्दाम सांगते. त्या शहराचं पिण्याचं पाणी दूरच्या डोंगरांतल्या धरणांतून येतं. त्यांतल्या कॅनन्सव्हिल धरणाच्या वरच्या बाजूला दूधवाल्या शेतकऱ्यांची वस्ती, आणि शेणखतातल्या फॉस्फरसनं धरण हिरवं व्हायचं. १९९७ साली शहर आणि वरची गावं यांच्यात करार झाला. खर्च शहरानं उचलला : शेणाचे हौद, ओढ्याकडेची कुंपणं, गावांची मैलाशुद्धीकरण केंद्रं, घरोघरचे शोषखड्डे. गाईच्या खुराकातला जादा फॉस्फरसही कमी केला, कारण जास्त खाल्लेला तो शेणातच येतो. पुढे ते धरण फॉस्फरसच्या धोक्याच्या यादीतून बाहेर आलं. तिथे पिणारं शहर खाली आणि शेतकरी वर. आपल्याकडे मोठं शहर वर, आणि पिणारे तुम्ही, सोलापूरकर, पंढरपूरकर खाली. वरच्यानं खालच्याला पैसे द्यावेत असा करार आपल्याकडे कुणी मांडलेला मी ऐकला नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं स्वतःचं एसटीपी, म्हणजे मैलाशुद्धीकरण केंद्र, आहे. बाहेर पडणारं पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, अहवालही पास होतो. मग आमचा दोष कसा?
— सोसायटीचे सचिव, पुणे

अहवालात काय मोजलंय ते वाचा. बीओडी (पाण्यात कुजणारी घाण किती याचं माप), तरंगता गाळ, जंतू. फॉस्फरसची ओळ आहे का? केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी फॉस्फरसची मर्यादाच नव्हती. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली निकष कडक करायला सांगितले, त्यांत तळ्या-सरोवरांत सोडायच्या पाण्यासाठी लिटरला १ मिलिग्रॅम एकूण फॉस्फरस आला.

कच्च्या सांडपाण्यात तो लिटरला पाच ते आठ मिलिग्रॅम असतो. नेहमीच्या पद्धतीचं एसटीपी त्यातला पाचवा ते तिसरा हिस्सा काढतं, कारण ते त्या कामासाठी बांधलेलंच नसतं. उरलेला काचेसारख्या पाण्यातून बाहेर जातो. पाणी स्वच्छ असल्यानं ऊन खोलवर पोचतं आणि शेवाळाची आणखी सोय होते. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवराचं असंच झालं. त्यात येणारं सांडपाणी प्रक्रिया केलेलंच होतं, तरी १९५५ साली तिथे निळं-हिरवं शेवाळ माजलं. १९६३ ते १९६८ या काळात ते सगळं पाणी तिथून वळवलं आणि सरोवर काही वर्षांत निवळलं. त्यांना वळवायला समुद्र होता. पुण्याला नाही.

सचिव म्हणून तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. एसटीपी चालवणाऱ्याला फॉस्फरस मोजायला सांगा. जास्त निघाला तर फेरिक क्लोराइड किंवा तुरटीची मात्रा देऊन तो गाळात बसवता येतो. खर्च येतो, गाळ वाढतो, पण काम सोपं आहे. दुसरं, प्रक्रिया केलेलं पाणी नाल्यात न सोडता बागेला आणि फ्लशला वापरा. बागेला त्या फॉस्फरसचं खतच होतं. तिसरं, धुण्याची आणि भांड्यांच्या मशीनची पावडर. पाकिटावर सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट किंवा एसटीपीपी लिहिलेलं असेल तर दुसरी आणा. युरोपीय संघानं घरगुती धुण्याच्या पावडरींतलं फॉस्फेट २०१३ पासून जवळजवळ बंद केलं. कपडे तिथेही पांढरेच निघतात.

प्रश्न : पाणी हिरवं झालं तशी चिलापी वाढली, आमचा धंदा त्यावरच चालतो. मग हिरवं पाणी वाईट कसं? आणि उन्हाळ्यात एका रात्रीत मासे मरून काठाला लागतात, ते औषध टाकल्यामुळे का?
— मासेमारी करणारं कुटुंब, भिगवण परिसर

चिलापी शेवाळ खाते आणि वाईट पाण्यात तग धरते, म्हणून ती वाढली. जाळ्यात पूर्वी कोणकोणत्या जातीचे मासे यायचे ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, म्हणजे पाण्यानं काय दिलं आणि काय नेलं दोन्ही कळेल.

एका रात्रीत मेलेल्या माशांमागे बहुतेक वेळा कुणाचा हात नसतो. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो ओढून घेतं. ढगाळ हवा असेल किंवा शेवाळ एकदम मरून कुजायला लागलं असेल, तर पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू संपतो. सूर्य उगवायच्या सुमारास मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसले तर कारण हेच समजा. दिवस चांगला वर आल्यावर मासे मरत असतील, किंवा एकाच नाल्याच्या तोंडाशी मरत असतील, तर मात्र त्याच वेळी बाटलीत पाणी भरून प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात द्या. दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात काही सापडत नाही.

प्रश्न : मोरचूद किंवा एखादं जिवाणूंचं औषध टाकून धरण साफ करता येणार नाही का?
— निवृत्त शिक्षक, करमाळा

नाही, गुरुजी. मोरचूदानं शेवाळ मरतं, फॉस्फरस मरत नाही. पेशी फुटून तो पाण्यात परत येतो, असलंच तर विषही येतं, आणि पंधरवड्यात नवं शेवाळ. गावतळ्यातसुद्धा हा खेळ महाग पडतो. ३३२ कोटी घनमीटरांत तर त्याचं नावच नको. बाटलीतल्या जिवाणूंच्या जाहिरातींबद्दल माझं मत याहून वाईट आहे.

खरी अडचण तळाला आहे. धरणात १९८० पासून पाणी साठतंय, आणि आलेल्या फॉस्फरसचा मोठा भाग गाळात लोहाशी बांधला जाऊन बसलाय. तळाशी प्राणवायू आहे तोवर तो तिथेच बसतो. उन्हाळ्यात तळचा प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटते आणि फॉस्फरस वर येतो. उजनीचा निम्म्याहून जास्त साठा, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. धरण मायनसमध्ये जातं, म्हणजे या मृतसाठ्यालाही हात लागतो, तेव्हा (२०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं) उरलेलं पाणी उथळ, कोमट आणि गाळाला चिकटलेलं असतं. पुण्याचं सांडपाणी उद्या बंद झालं तरी हा जुना साठा काही वर्षं हिरवळ पोसत राहील. म्हणून "शुद्धीकरण केंद्रं बांधली, तरी फरक नाही" असं दोन वर्षांत कुणी म्हणालं तर त्याला एवढं सांगा.

उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ शेतात नेणं हा मला पटणारा उपाय आहे. रानातून गेलेलं स्फुरद रानात परत. फक्त नदीच्या वरच्या तोंडाकडचा गाळ असेल तर आधी जड धातूंसाठी तपासून घ्या.

प्रश्न : आळंदीत इंद्रायणीवर फेस येतो तोही फॉस्फरसचाच का? आणि काढलेल्या जलपर्णीचं खत केलं तर चालेल का?
— एक वारकरी, दौंड

फेस साबण-डिटर्जंटमधल्या फेसाळ घटकांचा असतो. फॉस्फरस फेसत नाही, त्याला वास नाही, रंग नाही. फेस आला की फोटो निघतात, फॉस्फरसचे निघत नाहीत.

जलपर्णीचं खत चालेल, पण फुलं आणि बी धरण्याआधी काढलेली असावी आणि ढीग पाण्यापासून लांब असावा. नदीतून काढून काठावरच टाकलेली जलपर्णी पहिल्या पावसात कुजून, शोषलेला सगळा फॉस्फरस घेऊन, पुन्हा नदीत जाते. कंत्राट काढून देण्याचं असतं, उचलून नेण्याचं नसतं, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. तुमच्या गावात काम चालू असेल तर ढीग कुठे जातोय ते ग्रामसभेत विचारा. शहराच्या खालच्या अंगाची जलपर्णी धातूही शोषते, म्हणून ते खत भाजीपाल्याला नको. झाडोऱ्याला, बांधावरच्या लिंबाला घाला.